सुभद्राबाई बऱ्या आहेत

अकोल्यात आमच्या भिंतीला भिंत लागून पुंजाराम काटेवाल्याचं घर. सरकी काढायच्या जिनात कापसाच्या गाड्या काट्यावर तोलायचा, म्हणून काटेवाला. घर आज्यापासूनचं ख्रिस्ती. रविवारी चर्च, नाताळात आम्हाला करंज्यांचं ताट, दुखलं-खुपलं तर मिशनचा दवाखाना. सगळं सरळ होतं. बिघडलं ते सत्तावन्न साली, मूर्तिजापूरच्या मंडपात कोण्या पाहुण्या उपदेशकाला ऐकून आल्यापासून.

उपदेशक म्हणाला होता, देवानं जग बोलून निर्माण केलं, तसं विश्वासी माणसाचंही बोलणं खरं होतं. ‘बरा आहे’ म्हणेल तो बरा होतो, आणि रोगाचं नाव घेईल त्याच्या घरी रोग मुक्कामाला येतो. पुंजाराम दिवसभर दुसऱ्याचा माल तोलणारा, पण हे एवढं त्यानं न तोलताच घरी आणलं.

तेव्हापासून पहाटे ओसरीवर नवराबायको उभे. ‘येशूच्या नावानं मी बरा आहे.’ ‘येशूच्या नावानं मी बरी आहे.’ गल्लीला कोंबडा पाळायची गरज उरली नाही. घरात ताप, खोकला, दुखणं हे शब्दच बंद. मी भिंतीवरून छेडायची, “काहो पुंजारामजी, आज काय काय नाही झालं तुमाले?”

“वहिनी, जीभ आवरा.”

“आवरून राहिली ना! दाताखाली धरली, तर आता दात दुखून राहिला.”

तो कानांवर हात ठेवून आत पळायचा. बायको सुभद्रा तोंडात पदर कोंबून हसायची.

एका दुपारी ती ताक मागायला आली, पण भांडं आणलं नव्हतं. “काय झालं वं?” विचारलं, तर म्हणाली, “काही नाही, बरी हाय.” आणि माझा हात धरून पदराखाली नेला. डाव्या छातीत सुपारीएवढी टणक गाठ. मला चेष्टा सुचली नाही.

दुसऱ्या दिवशी तिला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. नर्सनं विचारलं, “काय त्रास होतो?” सुभद्रा म्हणाली, “मी बरी आहे.” नर्स चक्रावून माझ्याकडे बघायला लागली.

“हिच्या छातीत गाठ आहे,” मी सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. म्हणाल्या, अजून वेळ गेलेली नाही, ऑपरेशन करू, नवऱ्याला सही करायला पाठवा.

संध्याकाळी पुंजाराम आमच्या दारात.

“गाठीचं नाव कोनं काढलं?”

“मी.”

“मंग तुमीच ते मांगं घ्या. सही म्हंजे लिहून कबूल होनं. मी नाही होत कबूल. तुमी म्हना, गाठ नाही. जाते ते आपोआप.”

“माझ्या बोलण्यानं गाठी होत असत्या पुंजारामजी, तर पहिली तुमच्या जिभेवर झाली असती.”

त्यांचे पाद्री केशवराव समजवायला आले. “अरे, डॉक्टरही देवानंच दिले.” पुंजारामनं त्यांनाही अल्पविश्वासी ठरवलं. मी सुभद्रेला म्हटलं, माहेरी चल, तुझा भाऊ करेल सही. तिनं मानेनंच नाही म्हटलं. तिलाही आशा होती. इतकं रोज म्हटलंय, एखाद्या दिवशी खरं व्हायचंही!

पुढल्या उन्हाळ्यात ती खाटेला लागली. तरी पहाटे आतून यायचंच, ‘मी बरी आहे’. आवाज तेवढा दिवसागणिक बारीक. नवरा जिनात गेला की मी जाऊन बसायची. एकदा म्हणाली, “वहिनी, दार लोटून घ्या.”

लोटलं.

“दुखते,” ती म्हणाली. मग पुन्हा, “दुखते वो माय. लय दुखते.” रडत नव्हती. उन्हातून आलेला माणूस पाणी पितो, तशी तो शब्द घटाघटा पीत होती. “हे म्हटलं की जरा बरं वाटते,” म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

फाटक वाजलं. पुंजारामनं बाहेरूनच विचारलं, “सुभद्रे, कशी आहे?”

“बरी आहे.”

तो आत आला, खुशीत माझ्याकडे बघून म्हणाला, “पाहा वहिनी, आवाजात कसा जोर आला आज!”