अक्कांच्या घडीच्या वह्या

पिंप्राळ्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या अक्का एकाच कागदाची आठ पानी वही करतात. कागदाला घड्या घालायच्या, मधोमध कात्रीने एक काप द्यायचा आणि घडी बांगडीने दाबायची. दोरा नाही, डिंक नाही. कागदाची एक बाजू पानं होते, दुसरी आत मिटून जाते. दर सोमवारी मी स्कूटर काढताना त्या कुंपणावरून वही देतात आणि बजावतात, "उकलू नको बरं, बठ्ठी घडी मोडी जाई."

मी त्यांत भाजीच्या याद्या लिहायचे. परवा एक वही ओट्यावर भिजली, म्हणून वाळवायला उकलली. आत पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं : "आज गाडी चालू होईना. तिसऱ्या किकला हिने गाडीला शिवी घातली, मग सीटवरून हात फिरवला. हिरवी ओढणी हिला शोभत नाही, पण सांगणार कोण?"

मला राग आला. मग हसू आलं. मग ड्रॉवरमधल्या जुन्या वह्या काढून उकलल्या. प्रत्येकीत मीच होते.

सोमवारी अक्कांनी विचारलं, "उकलली नाही ना, माय?"

"नाही," मी म्हटलं.

पर्समधून माझी वही डोकावत होती. तिच्या वाकड्या घडीकडे त्यांनी पाहिलं, हातातली वही कमरेला खोचली आणि घरातून दुसरी आणून दिली. ती मी तिथल्या तिथे, त्या आत जाताच उकलली. दोन्ही बाजू कोऱ्या.

तेव्हापासून वही कोरीच येते. सुटले म्हणायचं. मग स्कूटर चालू असूनही मी हिरवी ओढणी घेऊन कुंपणाशी का रेंगाळते?