बोटांच्या फटीतून

तासगावात आमच्या मंडळाने वर्गणी काढून संगणक घेतला. मोटारींचा खेळ लावला की चित्र आडवं फाटायचं. टप पुढे, चाकं मागे. फसवणूक म्हणजे फसवणूक! ‘दुकानदार चोर आहे’ असं पत्रक मी छापूनच आणलं.

तेवढ्यात शेजारच्या टॉकीजमधला, सिनेमाचं मशीन चालवणारा माणूस डोकावला. त्याचं नाव मी विचारलंच नाही. त्याने डोळ्यांपुढे बोटं फाकवली, झरझर हलवली आणि त्या फटींतून संगणकाचा पडदा पाहिला.

“मशीन चांगलं हाय रं. पयलं चित्र पुरं उमटायच्या आत हे दुसरं ढकलतंय. सेटिंग वाच बघू.”

मी इंग्रजीचं मराठी करत गेलो. ‘पडद्याच्या गतीशी जुळवा’ म्हणताच तो म्हणाला, “हे चालू कर. आता गाडी अडखळंल, तवा खेळातल्या सावल्या कमी कर. वझं हलकं हुतंय.”

मी दोन्ही केलं. मोटार अखंड धावली. संगणकाला त्याने बोटही लावलं नव्हतं!

“पडद्याला इचारल्याबिगर चित्र धाडलं की फाटतंय, गड्या,” म्हणत तो सहाच्या खेळाला गेला.

दुकानदाराला मी एकदाही विचारलं नव्हतं. पत्रकांच्या गठ्ठ्याची सुतळी मी सोडलीच नाही.