टोपी काढून बसलेले आप्पा

आप्पांची टोपी डोक्यावरून उतरून गुडघ्यावर आली, की केंदूरच्या आमच्या घरात त्यांना कुणी हाक मारत नसे. संध्याकाळी दूध संस्थेतून आले की ते पाय धुऊन मागच्या दारी लोखंडी खुर्चीवर बसत. पुढ्यातला चहा निवून जाई. टोपी पुन्हा डोक्यावर गेली, की माणूस बोलायला मोकळा.

आप्पा म्हणजे, पोरांनो, तुमच्या आजोबांचे धाकटे काका, गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. आवाज मोठा, राग त्याहून मोठा. मी लग्न होऊन पुण्याहून आले, तेव्हा मला वाटलं, ते जप करतात. एकदा धीर करून विचारलं, तर हसले. "जप कसला, सूनबाई? दिस मावळला की गुरं गोठ्यात आली का बघतो न्हवं, तसं दिवसभरात बोललेलं बघतो. एखादा शब्द कुणाच्या रानात शिरला आसंल, तर सकाळी जाऊन हाकून आणावा लागतो."

आणि ते खरोखरच जात. भल्या सकाळी आप्पा कुणाच्या दारात उभे दिसले, की गाव काय ते ओळखे. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणायच्या, आधीच तोंड आवरलं तर ह्या येरझाऱ्या वाचतील की. त्यांचा राग कधीच गेला नाही, हेही तुम्हाला सांगायला हवं.

परवा तुम्ही फोनवर म्हणालात, रोज स्वतःला तपासायचं ठरवतो, पण चार दिवसांत सुटतं. म्हणून संगीताची आठवण झाली.

संगीता बुद्धविहाराशेजारी राहायची. एका गाईच्या दुधावर तिचं घर चाले. एका संध्याकाळी दुधाचा दाटपणा मोजणाऱ्या नळीवर तिच्या दुधाची डिग्री कमी भरली. आप्पांनी भर रांगेत तिला सुनावलं, की पाणी घालून दूध वाढत नसतं, आणि किटली परत दिली. ती किटली घेऊन निघून गेली.

त्या दिवशी अंधार पडला तरी टोपी गुडघ्यावरच होती. मग मला म्हणाले, "किटली हाताला गरम लागली हुती. नुकतं काढलेलं दूध. निवू न देता मोजलं, तर डिग्री कमीच दावतंय. मला ठावं हाय की हे. पण किटलीपरीस माझं डोकं गरम."

सकाळी तिच्या घरी जाऊन या, असं मी सुचवलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "रांगेत बोललो. दारात जाऊन भागायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी संगीता दूध घालायला येईल की नाही, याचीच त्यांना धास्ती होती. ती आली, रांगेत शेवटी उभी राहिली. आप्पा उठले, तेव्हा संस्थेतल्या दोघांनी त्यांची बाही धरली. चेअरमनने असं वाकू नये, तेही हिच्यापुढे, असं कुजबुजले. पुढच्या निवडणुकीत पॅनेलमधून आप्पांचं नाव गळलं ते यामुळेच. बाही सोडवून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "संगीताबाई, तुमच्या दुधात पाणी नव्हतं. चूक माझी."

किटली खाली न ठेवताच ती म्हणाली, "तुमचं झालं बोलून, आप्पा. माझी लेक काल जेवली न्हाई. आये, तू खरंच पाणी घातलं का, इचारत हुती. तिला काय सांगू?"

"तुम्ही नका सांगू. मी येतो," आप्पा म्हणाले, आणि तिच्यामागून तिच्या घरी गेले. त्या पोरीशी काय बोलले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. चहा मात्र तिथेच पिऊन आले.

शेवटच्या वर्षी आप्पांना माणसं ओळखू येईनात. तरी संध्याकाळ झाली की ते कासावीस होत, समोर येईल त्याला एकच प्रश्न विचारत. एकदा संगीता भेटायला आली. त्यांनी तिला ओळखलं नाही. तिचा हात धरून म्हणाले, "बाई, मी तुम्हाला कधी वावगं बोललो का?"

"न्हाई आप्पा," ती म्हणाली. "कवाच न्हाई."

त्यांनी डोळे मिटले. हात सोडवून न घेता ती तशीच बसून राहिली.