खालून तिसरी तार

लोक म्हणतात, इतकी वर्षं झाली, आता सोडून द्या. कायले सोडू? गिटारवरचा तो मायनर सेव्हन्थ मी शोधला आणि टाळ्या दादाने घेतल्या. राग येणारच ना!

सत्तरचं दशक संपत आलं होतं. बाबा फॅक्टरीत, आम्ही जवाहरनगरच्या क्वार्टरात. कॉलनीच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचं म्हणून दादाने नागपूरहून गिटार आणली. मला हात लावू द्यायचा नाही. पण तो ड्यूटीवर गेला की गिटार माझीच. त्याचं पाहून पाहून ए मायनर, म्हणजे तीन सूर एकदम वाजवायचा एक कॉर्ड, मला यायला लागला होता.

गणपतीच्या कार्यक्रमात त्याला रेडिओवरचं एक गाणं वाजवायचं होतं. एका ओळीवर त्याचा ए मायनर काही केल्या बसेना.

"दादा, यात अजून एक सूर आहे."

"तू मले शिकवून राहिली का वं? जा, भाजी चिर."

चिरली भाजी. पण सूर कानातून जाईना. दुपारी बाबांची भजनाची पेटी पुढे ओढली. गिटारचा ए तो सा धरला. सा, कोमल ग, प, हा झाला मायनर. त्यात कोमल नि मिळवला आणि अगं बाई, हेच तर रेडिओवर वाजत होतं! याला मायनर सेव्हन्थ म्हणतात, हे ऑर्केस्ट्रातल्या ॲकॉर्डियनवाल्या काकांनी मागाहून सांगितलं.

पण गिटारवर तो नि कुठं? करंगळी ताणून ताणून दुखायला लागली, तार मुकीच राही. मग पेटीवर नि वाजवायचा आणि गिटारची एकेक तार मोकळी छेडायची, असं सुरू केलं. खालून तिसरी तार छेडली, तर हाच तो नि! आणि मी बावळट तिलाच दाबून दाबून सा करत बसले होते. ते एक बोट उचललं. बस्स, झालं.

दादाला वाजवून दाखवलं. म्हटलं, "गणपतीत हे गाणं मी वाजवते."

"पोरी कोरसमध्ये उभ्या राहतात," म्हणाला, आणि गिटार ओढून घेतली. बोट उचलायला मात्र लगेच शिकला.

कार्यक्रमात गाणं रंगलं. कोणीतरी माईकवर विचारलं, कोणाजवळ शिकले? दादा म्हणतो, "कोणाजवळ नाही जी, आपलं आपणच."

मी बायकांच्या सतरंजीवरून उभी राहिले. "मी सांगतलं त्याले!"

सगळे हसले. आईने हात धरून खाली ओढलं. "बस खाली. भावाचं कौतुक पाहवत नाही का तुले?"

दुसऱ्या दिवशी दादा गोड बोलत आला. "डी मायनरचा सेव्हन्थ कसा लावतेत वं?"

तोही मी शोधून ठेवला होता. म्हटलं, "स्टेजवर मले बसव, मंग सांगीन."

तो पाय आपटत निघून गेला. पुढच्या गणपतीत त्याने साधा डी मायनरच दाबला. खाली बसल्या बसल्या मला तो एक सूर कमी ऐकू येत होता. बाकी सगळे टाळ्या वाजवत होते.