शुभदा पुढे गेली, मी परत आले

शुभदा गेली त्या मंगळवारी सकाळी पावणेअकराच्या सुमारास तिच्या क्लिनिकमधून फोन आला. रिसेप्शनवरची मल्याळी मुलगी रडत रडत हिंदीत सांगत होती. “सिस्टरनी चहा मागवला, खुर्चीत बसल्या आणि मी कप ठेवायला गेले तर...” मी फोन ठेवला, गॅस बंद केला आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. त्या क्षणी मनात पहिलं काय आलं ते लिहायची लाज वाटते, पण ते लपवायचं असेल तर लिहूच नये. दुःख नंतर आलं, पुष्कळ आलं. पहिल्यांदा मात्र छातीतून एक मोठा श्वास सुटला. बरं झालं, आमचं बोलणं झालेलं होतं. अठरा दिवसांपूर्वीच झालं होतं. ते व्हायचं राहिलं असतं आणि हा फोन आला असता, तर मी काय केलं असतं?

मस्कतमध्ये आमची सव्वीस वर्षांची मैत्री. दार्सैतमध्ये तिची इमारत आणि माझी इमारत यांच्यामध्ये एक गल्ली आणि एक इस्त्रीवाला, एवढंच अंतर. मी इथल्या भारतीय शाळेत विज्ञान शिकवायचे, माझा नवरा श्रीकांत गाला भागातल्या एका गॅरेजचं काम बघतो. शुभदा गुहागरकडची. एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती. दोन भावांची शिक्षणं, लग्नं, मग त्यांच्या मुलांची शिक्षणं, यात तिचं स्वतःचं लग्न झालंच नाही. कोणी विचारलं तर ती फक्त ‘राहून गेलं गो’ म्हणायची, रेशन आणायचं राहून गेल्यासारखं. मीही तो विषय कधी काढला नाही... एकदाच काढला, आणि तो कसा, तेच सांगायचं आहे.

गेल्या वर्षी आम्ही दोघीही निवृत्त झालो. रुवीतल्या एका लहान क्लिनिकनं तिला बोलावलं होतं, पण तिथे रुजू व्हायला दोन महिने होते. थिएटरमध्ये तिच्याबरोबर अनेक वर्षं झिंबाब्वेची एक नर्स होती. ती आपल्या देशाच्या, नद्यांच्या, लांबलांबच्या बसप्रवासांच्या गोष्टी सांगायची, आणि शुभदा त्या साठवत गेली असणार. एका संध्याकाळी कृष्णमंदिरातून परतताना ती म्हणाली, “केपटाऊनला उतरायचं आणि वर वर जायचं. बसनं. पाठीला पिशवी लावून. विमानातून दिसतंय काय, नुसते ढग.” महाराष्ट्र मंडळात हे कळल्यावर बायका हसल्या. सफारीचं चांगलं पॅकेज मिळतं, गाडी असते, आपलं जेवण असतं, असं सगळ्यांनी सुचवलं. एकीनं विचारलं, “आणि गुडघे?” शुभदा म्हणाली, “ते घेऊनच जाणार आहोत.”

आणि खरोखरच गेलो. अठ्ठावन्न आणि साठ वर्षांच्या दोन बायका, सहा आठवड्यांसाठी. केपटाऊनच्या हॉस्टेलात आठ जणींची खोली, दुमजली लोखंडी खाटा, आणि बाकी सगळ्या आमच्या मुलींच्या वयाच्या. खालची खाट मला, वरची शुभदाला. शिडीवरून ती माडावर चढल्यासारखी सरसर चढायची. मिन्जी नावाची एक कोरियन मुलगी एकटीच हिंडत होती. पहिल्याच दिवशी शुभदानं तिच्या टाचेवरचा फोड पाहिला, धुतला, पट्टी बांधली, आणि मिन्जी नामिबियातल्या विंडहुकपर्यंत आमच्याबरोबर आली. तिचं इंग्रजी तोडकं, शुभदाचं नर्सिंगचं. दोघी तासन् तास बोलत बसायच्या. काय बोलायच्या, देव जाणे. मक्याच्या पिठाचा पांढरा गोळा पहिल्यांदा ताटात आला तेव्हा मी चमचा खाली ठेवला. शुभदानं हातानं खाल्लं आणि म्हणाली, “ही आपली उकडच गो. फक्त मिरची विसरलेत.”

विंडहुकहून झांबियाच्या सीमेकडे जाणारी बस जवळजवळ पूर्ण दिवसाची होती. आमच्या शेजारी एक थोराड बाई होती, जुन्या कपड्यांचे गठ्ठे घेऊन सीमेपलीकडे विकायला निघालेली. तिचे पाय सुजून भाकरीसारखे झालेले. सीमेवर सगळे रांगेत उभे राहिले आणि शुभदा त्या बाईचे पाय स्वतःच्या पिशवीवर ठेवून खाली बसली. पाय दाबून पाहिले, औषधं कुठली घेतेस विचारलं, गावी पोचल्यावर डॉक्टरला काय सांगायचं ते कागदावर लिहून दिलं. तोवर आणखी दोघी आल्या. एकीच्या कडेवर मूल. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि ही बसलीय. मी दोघींचे पासपोर्ट हातात धरून रांगेत उभी होते, आणि मला राग येत होता.

आज कळतंय, तो राग उन्हाचा किंवा थकव्याचा नव्हता. सव्वीस वर्षं शुभदा माझी होती. माझी बाळंतपणानंतरची दुखणी, श्रीकांतचं ऑपरेशन, माझ्या मुलीच्या परीक्षा, सगळीकडे ती होती. आणि इथे ती चार तासांत कोणाचीही होत होती. मी मात्र तिच्या मागे पिशव्या सांभाळत चालले होते.

लिव्हिंगस्टनला पोचल्यावर माझं पोट बिघडलं. तीन दिवस मी हॉस्टेलच्या खाटेवर पडून होते. व्हिक्टोरिया धबधब्याचा आवाज लांबून यायचा, पण तो पाहायला जायची ताकद नव्हती. शुभदा मला दर तासाला मीठ-साखरेचं पाणी पाजत होती, भाताची पेज करून घालत होती. हेही लिहिलं पाहिजे, तिनं माझं काही कमी केलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पुण्याहून मुलीचा फोन आला. ती रडायला लागली. आई, तू घरी जा, तुझ्या वयाला हे काय... मी व्हरांड्यात येऊन शुभदाला म्हटलं, परत जाऊ या. ती मलावीच्या बसची वेळ एका मुलाकडून लिहून घेत होती. म्हणाली, “तुला दोन दिवसांत बरं वाटेल. आपण तळ्याकाठी जाऊन आराम करू. आता कुठे निम्मं झालंय गो.”

आणि मी म्हणाले, “तुला काय जातंय? तुझ्यासाठी घरी थांबलंय कोण!”

वाक्य तोंडातून गेलं. व्हरांड्यात माकडं होती, कोणीतरी कपडे वाळत घालत होतं. शुभदानं पेनाचं टोपण लावलं. “खरंय,” एवढंच म्हणाली. मी माफी मागायला हवी होती. त्याऐवजी आत जाऊन तिकीट शोधायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझी पिशवी टॅक्सीपर्यंत आणली, बाजूच्या कप्प्यात मीठ-साखरेच्या पुड्या ठेवल्या, ड्रायव्हरला दोनदा बजावलं की हिला विमानतळाच्या आत सोड. मग हात केला आणि वळली. ती पुढे गेली, मी परत आले.

घरी आल्यावर दहाव्या दिवशी तिच्या फोनवरून मेसेज आला, पण लिहिणारी दुसरीच कोणी. मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं की तुमच्या मैत्रिणीला मलेरिया झाला होता, पाच दिवस फार ताप होता, आता उतरलाय, काळजी करू नका. खाली नाव होतं, झुवैना. मी तो मेसेज श्रीकांतला वाचून दाखवला. पाच दिवस! आणि मी इथे एसीत बसून मंडळात सांगत होते की तिला हट्ट नडतो.

महिन्याभरानं ती परतली. वाळलेली, रंगानं काळवंडलेली. मला फोन केला नाही, मीही केला नाही. मंदिराच्या पायऱ्यांवर भेटलो की “कशी आहेस?” “बरी.” एवढंच. गुरुवारी संध्याकाळी ती पिशवी घेऊन टॅक्सीत बसताना दिसायची आणि शनिवारी परत यायची. कुठे जाते ते विचारायचा हक्क मी गमावला होता. असे सात महिने गेले. एका गल्लीच्या अंतरावर सात महिने. श्रीकांत एकदा वैतागून म्हणाला, “अगं, गॅरेजात दोन मेकॅनिक हाणामारी करतात आणि दुपारी एका ताटात जेवतात. तुम्ही शिकलेल्या बायका... यल्ला, जा तिच्याकडे, खलास करा विषय.”

एका शुक्रवारी सकाळी मी गेले. त्या आठवड्यात ती कुठे गेली नव्हती, घरीच कोलंबी सोलत होती. मी उभ्या उभ्याच म्हटलं, “मी तुला जे बोलले, ते मला विसरता येत नाहीये. मी नीच बोलले. आणि तुला टाकून आले.” पाठ केलेलं आणखी बरंच होतं, ते राहून गेलं. शुभदानं हातातली कोलंबी बाजूला ठेवली. मग म्हणाली, “लागलं होतं मला. नाही कशाला म्हणू? तापात तेच डोक्यात. कोण थांबलंय, कोण थांबलंय... आणि डोळे उघडले तर एक काळा अबाया घातलेली बाई पायाशी बसल्येय. तिची बस गेली, तिच्या भावाची बस गेली, आणि ही आपली बसल्येय. म्हटलं, ही थांबल्येय की.” आणि ती हसली. “तू बोलली नसतीस तर मी तुझ्याबरोबर परत आल्ये असते, मृदुला. मग झुवैना कुठली भेटायला? बस आता. कोलंबी सोल.”

मी बसले. दोघींनी मिळून कोलंबी सोलली. रडले मीच, ती नाही. मग ती सगळं सांगत सुटली. झुवैना ओमानच्याच किनाऱ्यावरच्या सूर गावची, शाळेतून निवृत्त झालेली विधवा, तिची आजी त्या तळ्याकाठच्या गावातली होती म्हणून भावाला घेऊन निघालेली. सव्वीस वर्षं ओमानमध्ये राहून आपण एकाही ओमानी घरात जेवलो नाही, आणि मला ओमानी मैत्रीण मिळाली ती मलावीत, याचं तिला फार हसू येत होतं. तिचे गुरुवार सूरला जायचे. “तुला नेत्ये पुढच्या महिन्यात,” म्हणाली.

पुढचा महिना आला नाही. भावांनी तिला शेवटचं गावी नेलं. तिनं कोणाकडून सेवा करून घेतली नाही, कुठल्या नळ्या नाहीत, अंथरुण नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची अंथरुणं पाहिलेल्या बाईला याहून बरं मरण मिळालं नसतं, असं मी स्वतःला सांगते, आणि ते मला पटतंही.

तीन आठवड्यांनी श्रीकांतनं मला सूरला नेलं. झुवैना दारातच उभी होती, बुटकी, गोल चेहऱ्याची, डोळे सुजलेले. तिनं माझे दोन्ही हात धरले. आमची भाषा म्हणजे तिची सिनेमातली हिंदी. खजूर झाले, कहवा झाला. मग ती म्हणाली, “बुखार में शुभदा मराठी बोलता था. पाँच दिन एक ही बात. हमको याद हो गया, मतलब नहीं मालूम. तुम बताओ.” आणि परक्या जिभेनं, एकेक अक्षर जपून, ती म्हणाली, “मृदुला... पाणी पी. मृदुला... पाणी पी.”

श्रीकांत उठून बाहेर गेला. मी तिला अर्थ सांगितला. सांगताना मला कळलं, त्या तापात तिला माझं वाक्य छळत होतं हे खरं, पण तोंडानं ती मला पाणीच पाजत होती. माझं पोट तोवर केव्हाच बरं झालं होतं, मी केव्हाच घरी पोचले होते... तिच्या लेखी मी अजून त्याच खाटेवर होते.

दुपारी जेवणं झाल्यावर झुवैनानं मला आतल्या एका लहान खोलीत नेलं. शुभदा तिथे झोपायची. खिडकीतून खाडी दिसत होती, आणि पलीकडच्या काठावर अर्धवट बांधलेलं एक लाकडी जहाज. खोलीत एक खाट, तिच्यावर पांढरी चादर, एक सुरकुती नाही, चारी कोपरे घडी घालून गादीखाली घट्ट खोचलेले. हॉस्पिटलच्या खाटेसारखे. झुवैना सांगू लागली की शनिवारी निघताना शुभदा चादर अशी घालून जायची, आणि शेवटच्या शनिवारनंतर तिनं कोणाला इथे बसू दिलेलं नाही, सुनेला झाडूही मारू दिलेला नाही. मी दारातच थांबले. तिनं माझ्या दंडाला धरून मला आत घेतलं, खाली वाकली, आणि पायाकडचा एक कोपरा स्वतःच्या हातानं ओढून सोडवला.

“सो जाओ,” ती म्हणाली. “बहुत दूर से आया.”

मी आडवी झाले. तिनं खिडकीचा पडदा ओढला आणि दार लोटून घेतलं. बाहेर श्रीकांत आणि तिचा भाऊ जहाजाबद्दल काहीतरी बोलत होते. चादरीला साबणाचा वास होता. कित्येक महिन्यांत लागली नव्हती इतकी गाढ झोप मला त्या दुपारी लागली.