दुसऱ्या अंकात दार उघडणारा बाप

मास्तरांच्या गाडीला दोन ब्रेक होते. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा मास्तरांच्या. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला असतो तसा. समोरून ट्रक आला की मास्तरांचा पाय खाली जायचा, गाडी थांबायची आणि मास्तर म्हणायचे, "छान. आता पुन्हा." छान काय होतं ते शिकणाऱ्याला कधीच कळलं नाही. पण त्याचा जीव भांड्यात पडायचा.

मास्तरांना ओरडताना कोणी पाहिलेलं नव्हतं. एका डॉक्टरीणबाईंनी गाडी थेट दवाखान्याच्या भिंतीत घातली, तेव्हाही ते एवढंच म्हणाले, "दवाखाना जवळ आहे, हे एक बरं."

हाच माणूस पन्नाशीला टेकल्यावर विद्यापीठात जाऊन इंग्रजी साहित्याच्या एम.ए.ला बसला. तरुणपणी नोकरीपायी शिक्षण अर्धवट सुटलं होतं. वेड मात्र सुटलं नव्हतं. वेड कशाचं, तर चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी नाटकांचं. विषाचे पेले, तलवारी, भुतं, आणि शेवटी रंगमंचावर प्रेतांचा खच. इतका गरीब स्वभावाचा माणूस आणि इतकी खुनशी आवड. हे कोडं कोणालाच सुटलं नाही.

एम.ए.ला या नाटकांचा एक पेपर होता आणि त्यात एक प्रवेश पाठ करून परीक्षकांपुढे करून दाखवावा लागे. आदल्या वर्षी मास्तरांच्या वाट्याला मारेकरी आला होता. त्यांनी तो इतक्या मायेनं केला की परीक्षकांनी विचारलं, "तुम्ही याला मारताय की झोपवताय?" मास्तर नापास झाले. आता एकच संधी उरली होती. ती हुकली की विद्यापीठातून नाव कटणार.

तेवढ्यात मागून त्यांची लेक त्याच वर्गात येऊन पोहोचली. घरी तिला ठिणगी म्हणत. उगाच म्हणत नसत. ती 'बाबा' म्हणते म्हणून अख्खा वर्ग मास्तरांना बाबा म्हणायला लागला.

"माझे बाबा आहेत ते," ठिणगी फणकारायची.

"अगं, असू देत की. आम्ही कुठे घरी घेऊन चाललोय?"

घरी आईचं वेगळंच. "एका घरात दोन विद्यार्थी. नाटकात किती मेले ते दोघांना तोंडपाठ. ओट्यावर भांडी किती पडलीत, विचारा बरं."

नाटक शिकवणाऱ्या मॅडमनी परीक्षेचे प्रवेश वाटले तेव्हा बापलेकीची जोडी लावली. प्रवेश असा: सावकाराच्या मुलीनं रात्री घर सोडून एका खलाशाशी लग्न केलंय. सकाळी ती दारात येते. बाप तिला शिव्याशाप देतो, तुझं तोंड पाहणार नाही म्हणतो आणि दार लावून घेतो. मुलगी चार ओळींत सडेतोड उत्तर देते आणि निघून जाते. बस, एवढंच.

एवढंच मास्तरांना जमेना. सुरुवात झोकात व्हायची. पण शाप जवळ आला की आवाज मंदावायचा, मग थांबायचा, आणि शेवटी मास्तर आपल्या पदरचं वाक्य जोडायचे: "बरं, आधी आत ये. बाहेर वारा आहे."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "बाबा, नाटक पाच अंकी आहे. तुम्ही दुसऱ्यातच दार उघडलंत. उरलेले तीन अंक खलाशानं काय पत्ते खेळायचे?"

"ती थंडीत उभी आहे हो, मॅडम."

"ती पंख्याखाली उभी आहे!"

मग घरात मास्तरांना राग आणण्याची मोहीम निघाली. आईनं मनावर घेतलं. लग्नापासूनचे त्यांचे सगळे दोष तिनं एका दमात ऐकवले. मास्तरांनी लक्षपूर्वक ऐकलं आणि म्हणाले, "एक राहिला. मी घोरतोसुद्धा."

ठिणगीनं थाप मारली. "बाबा, तुमची गाडी ठोकली मी."

"तुला लागलं नाही ना?"

"अहो बाबा, चिडा ना जरा! दुसऱ्यांचे बाप कसे चिडतात!"

"प्रयत्न करतोय गं," मास्तर ओशाळून म्हणाले.

स्वयंपाकघरात तालीम चालली असताना ठिणगीचं लक्ष खाली गेलं. शाप तोंडाशी आला आणि मास्तरांचा उजवा पाय फरशीवर हळूच दाबला गेला. आवाज थांबला. तिनं पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा पाय, पुन्हा शांतता.

"आई! बाबा ब्रेक मारतायत!"

आईनं वाकून पाहिलं. "खरंच की. माझ्याशी बोलतानाही मारतात. मला वाटायचं, मुंग्या येतात."

आयुष्यभराची सवय. मास्तरांनी मांडी घालून पाहिलं, तर मांडीच हलायला लागली. परीक्षा तोंडावर आली होती. ठिणगीनं पुस्तक पुन्हा उघडलं आणि तिला प्रवेशाच्या डोक्यावरची सूचना दिसली. बाप वरच्या खिडकीतून बोलतो. त्या काळच्या नाटकघरात रंगमंचाच्या वर सज्जा असायचा. खिडक्या, तटबंद्या, सगळं तिथं. बाप वर, मुलगी खाली. इतके दिवस दोघं समोरासमोर उभी राहून तोंडाला तोंड देऊन भांडत होती.

विद्यापीठाच्या दालनात सज्जा नव्हता. एक उंच लोखंडी कपाट होतं. परीक्षेच्या दिवशी दोघा मुलांनी शिडी धरली, मास्तर वर चढले आणि पाय सोडून बसले. मुलांनी शिडी काढून घेतली.

"पडू नका," मॅडम म्हणाल्या.

बाहेरून आलेले परीक्षक छापील प्रत घेऊन समोर बसले. त्यांनी आधी कपाटाकडे पाहिलं, मग प्रतीकडे, मग मान हलवली. सूचना बरोबर होती.

मास्तरांनी सुरुवात केली. शाप जवळ आला. उजवा पाय ब्रेक शोधायला खाली गेला. खाली काहीच नव्हतं. टाच कपाटावर आपटली आणि दालनात गडगडाट झाला. मास्तर दचकले. आवाज मात्र थांबला नाही. आणि मग जे बाहेर पडलं ते वर्गानं कधी ऐकलं नव्हतं. एकेका शापाला कपाट दणाणत होतं. मागच्या बाकावरचे नकळत उभे राहिले. मॅडमच्या हातातलं पेन खाली पडलं. तुझं तोंड पाहणार नाही, असं मास्तर म्हणाले, आणि ते कोणालाही खोटं वाटलं नाही.

ठिणगीलाही नाही. आता तिच्या चार ओळी होत्या. ती गप्प. ओठ हलले, शब्द फुटेना. जिचं तोंड घरात कोणी बंद करू शकलं नव्हतं, ती मान वर करून नुसती बघत राहिली. परीक्षकांनी प्रतीवर बोट ठेवलं. बाहेरून कोणी आठवण करून दिली की प्रवेश बाद, असा नियम होता. ती अडली तर दोघंही गेले.

मास्तरांनी वरून पाहिलं. आणि त्यांनी दार उघडलं नाही. ते आणखी चिडले.

"माहीत आहे मला तू काय म्हणणार आहेस!" ते इंग्रजीत गरजले, आणि तिच्या चारही ओळी, एक अक्षर न गाळता, तिला वेडावून दाखवत म्हणाले.

वेडावून दाखवलेलं ठिणगीला आजवर सहन झालेलं नव्हतं. तिचा चेहरा लाल झाला. "हो, तेच म्हणणार आहे!" ती कडाडली, आणि चारही ओळी त्यांच्या तोंडावर फेकून, पाय आपटत दाराबाहेर गेली.

परीक्षकांनी प्रतीची पानं उलटसुलट करून पाहिली.

"मधलं ते वेडावणं," परीक्षक म्हणाले, "प्रतीत नाही."

"नाही," मॅडम म्हणाल्या.

"त्याचे दोन गुण कापतो." त्यांनी कापले. उरलेल्या गुणांचा आकडा त्यांनी लिहिला, तो मॅडमनी वाकून पाहिला आणि कपाटाकडे बघून अंगठा वर केला.

मास्तर वरच होते. शिडी आणायचं कोणालाच सुचलं नव्हतं. ठिणगीच ती ओढत घेऊन आली. डोळे पुसलेले होते, पण नाक लाल होतं.

"उतरा."

"पास झालो गं."

"कळलं. उतरा."

"घाबरलीस?"

"हो."

"मीसुद्धा," मास्तर म्हणाले. मग चेहरा उजळला. "पण मला राग आला बरं का. खराखुरा."

रस्ताभर त्यांनी हे तिला तीनदा सांगितलं. पानवाल्यालाही सांगितलं. घरात शिरताच आईला सांगितलं.

"ओरडलो मी."

"कोणावर?"

"हिच्यावर. कपाटावर बसून."

आईनं हातातली ताटली खाली ठेवली. "इतकी वर्षं वाट पाहिली मी," ती म्हणाली, "आणि बघायला मलाच नेलं नाहीत?"