हर्रासवाले आणि देवाचं डुक्कर

१९५३ च्या मार्गशीर्षात, धान कापणी चालू असताना, गोरेगावच्या कोंडवाड्यासमोर देवाला सोडलेलं एक डुक्कर लिलावात विकलं गेलं. बोली पुकारणारे गृहस्थ मुर्री गावचे. लिलावाला आमच्याकडे हर्रास म्हणतात, म्हणून त्यांना सगळे हर्रासवाले म्हणत. कोंडवाड्यातली जनावरं तेच पुकारत आणि आठवडी बाजारात लोकांनी विकायला आणलेली डुकरंही तेच.

त्यांचा पुकारा सुरू झाला की डुकरांचं ओरडणं ऐकू येत नसे. डुकरं चारी पाय बांधून, बांबूला उलटी लटकवून आणलेली असत. हर्रासवाले काठीनं एकेकाच्या पोटात ढोसत. जे जास्त ओरडे ते आधी पुकारत. "ओरडते म्हंजे जित्तं आहे. मुक्या मालाले गिऱ्हाईक भीते," असं ते सांगत.

मालाचे दोष ते लपवत नसत. "एक डोळा फुटला. मागचा पाय लंगडा. पाहून घ्या, मंग माह्या दारात रडत येऊ नका." कोणी बोली न लावता नुसता उभा राहिला की म्हणत, "पटील, डुकराकडे पाहा. माह्याकडे काऊन पाहून रायले? मी विकाऊ नाई." बाजार हसे. ते आले नाहीत त्या दिवशी बाजार मुका वाटे. तिसरा पुकारा झाला की कमरेचा चाकू काढून ते डुकराच्या कानाचं टोक उडवत. ती विक्रीची खूण. त्यानंतर सौदा फिरत नसे. टोक कुत्र्यांना जाई.

स्वतः ते डुक्कर खात नसत. घरी धानाची शेती होती. बाजारातून परतले की बायको त्यांना उंबरा ओलांडू देत नसे. आंघोळीचं पाणी अंगणात काढलेलं असे. "कमाई आत जाते, मी बाहेर रायतो," एवढंच ते म्हणत.

गोंडांच्या घरी नवस असला की पिल्लाची शेपूट कापून ते नारायणदेवाच्या नावानं मोकळं सोडतात. दोन-तीन वर्षं ते गावभर चरतं, धानात शिरतं, कोणी हात लावत नाही. मोठं झालं की देवाला देतात. त्या हंगामात बाहेरून आलेल्या एका माणसानं शेत खंडानं, म्हणजे भाड्यानं, कसायला घेतलं होतं. त्यानं धानात शिरलेलं असं एक डुक्कर धरून कोंडवाड्यात घातलं. मालकीण जवळच्या टोल्यावरची, म्हणजे वस्तीवरची, गोंड म्हातारी. एकुलता मुलगा तापातून उठावा म्हणून तिनं ते सोडलं होतं. मुलगा उठला होता, देवाचं द्यायचं राहिलं होतं. डुक्कर दिसेना, तरी ती शोधायला निघाली नाही. देवाचं डुक्कर कोणी कोंडत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. सोडवायची मुदत टळली.

हर्रासाचं कानावर आलं तशी ती धावली; पोचली तेव्हा दोन पुकारे झाले होते.

"मालक, थो देवाचा आहे. शेपूट पाहा त्याची."

"पाहिली. दोष म्हणून आधीच सांगितली," हर्रासवाले म्हणाले.

"माह्या पोराच्या जिवासाठी सोडला जी. त्याच्या बदल्यात दोन घ्या. घरी आहेत."

शेवटची बोली गोंदियाच्या एका व्यापाऱ्याची होती. हर्रासवाल्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "काय भाऊ, सोडता?"

"हमको गोश्त से मतलब है," व्यापारी म्हणाला.

"आयकलं का, बुढी? देवाले पाहिजे असन तर देवानं बोली लावावी."

लोक हसले. तिसरा पुकारा झाला. कान कापला.

म्हातारीनं वाकून कानाचं टोक उचललं आणि पदरात घेतलं. निदान एवढं देवापुढं ठेवते, म्हणाली. व्यापाऱ्यानं हरकत घेतली नाही. हर्रासवाल्यांनी घेतली. "खूण झालेला माल गिऱ्हाइकाचा. ठेव खाली."

तिनं ठेवलं. कुत्रं जवळच होतं.

चैत्रात तिनं नवं पिल्लू घेतलं, शेपूट कापली, पण मोकळं सोडलं नाही. दाराशी बांधून ठेवलं. आषाढात मुलगा पुन्हा तापानं पडला आणि गेला. पोळ्यानंतरच्या बाजारात म्हातारी ते पिल्लू दोरीनं ओढत घेऊन आली. हर्रासवाल्यांनी तिला ओळखलं.

"शेपूट नाई," त्यांनी पुकारलं. "दुसरा दोष नाई."

आमगावच्या एका माणसानं ते घेतलं.